न सापडलेला एल्क: धनुष्याने किती लांबून मारावं?

देवराई

नमस्कार मंडळी. शिकारीचा विषय काढला की इथे वाद होतो हे ठाऊक आहे, आणि व्हायलाही हवा. पण गेलं वर्षभर एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती मला मराठीतच बोलायची आहे.

मी मूळचा चिपळूणचा, चौदा वर्षं कोलोरॅडोत. सहा वर्षांपूर्वी धनुष्य हातात घेतलं, चार हंगाम एल्कच्या मागे डोंगर चढलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं जनावर, पण अंगाने दांडगं. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आगेमागे भरतो. कोलोरॅडोत ते अडीच लाखांहून जास्त आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. शिकार परवान्यावर होते, सप्टेंबर महिना धनुष्यवाल्यांचा. मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. दुसऱ्या हंगामात मला एक मादी मिळाली, २७ यार्डांवरून. साठ पावलांत पडली. त्या मांसावर आमचं घर वर्षभर चाललं.

गेल्या सप्टेंबरात फ्लॅट टॉप्सच्या रानात, संध्याकाळी, अस्पेनच्या झाडोऱ्याच्या कडेला एक नर आला. आडवा उभा, मान खाली, वारा माझ्या तोंडावर. रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राने, ५८ यार्ड दाखवले. क्लबच्या मैदानावर मी ८० यार्डांवरून बाण जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात घालतो, आठवड्यातून चार दिवस. त्यामुळे ५८ मला लांब वाटलंच नाही. सोडला. दोरी सुटली आणि त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं. घाबरून नव्हे, पुढच्या गवताकडे, सहज.

बाण पोटात गेला. आरपार जाऊन मागच्या मातीत रुतलेला सापडला. पिसांवर हिरवट ओल होती. नाकाजवळ नेला आणि कळलं. अशा जागी लागलं तर लगेच मागे जायचं नसतं. जनावर जवळच बसतं, आणि उठवलं तर मैल मैल जातं. म्हणून रात्रभर थांबलो. पहाटे तीनला पाऊस आला आणि जो काही रक्ताचा माग होता तो धुऊन गेला. दोन दिवस मी आणि माझ्या शिकारीतल्या जोडीदाराने पट्टे पाडून ते रान विंचरलं. तिसऱ्या दिवशी एका खडकावर बसून डोमकावळे कुठे उतरतात ते बघत राहिलो. नाही सापडला.

कायद्याने माझा परवाना शाबूत होता, मी पुढे शिकार करू शकलो असतो. केली नाही.

जोडीदार म्हणतो, नशीब खराब, तुझा नेम कुठे चुकला? तेच तर मला झोपू देत नाही. नेम चुकलाच नाही. बाण मी जिथे पाठवला तिथेच गेला. मग चूक कुठे झाली? अंतराची मर्यादा घालून घ्यावी का, आणि घालावी तर कशाच्या आधारावर? ज्यांना धनुष्य कळतं त्यांनी सांगा, आणि ज्यांना हे सगळंच पटत नाही त्यांनीही सांगा.

---

आंबोळी

इतकं प्रामाणिक लिहिलेलं बऱ्याच दिवसांनी वाचलं. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचत राहणार.

---

साताऱ्याची_धनू

दादा, वाचताना गलबलून आलं. मी साताऱ्यात कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य, चालवते, लहान मुलांना शिकवते. आमच्याकडे ५० मीटर, म्हणजे तुमचे जवळपास ५५ यार्ड. ८० सेंटिमीटरचा कागद, त्यात दहाचा गोल ८ सेंटिमीटरचा. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारले, पंधराच्या पंधरा बाण त्या गोलात. त्याच स्पर्धेत आमची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तेव्हा ५५ यार्डांवर माणूस काय करू शकतो, याबद्दल मला शंका नाही.

पण आम्हाला अंतर आधीच माहीत असतं, पायाखाली सपाट जमीन असते, धाप लागलेली नसते आणि कागद चालत नाही. तुमचा बाण किती वेगाचा आहे ते सांगाल का? मला एक हिशोब मांडायचा आहे.

---

देवराई

धनू, ७० पौंडांचं धनुष्य, म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारं, जरा जड बाण. क्रोनोग्राफवर सेकंदाला २७५ फूट.

---

साताऱ्याची_धनू

मग बघा. ५८ यार्ड म्हणजे १७४ फूट. वाटेत थोडा वेग कमी होतो तो सोडून देऊ, तरी बाण ०.६३ सेकंद हवेत होता. निवांत चालणारं जनावर सेकंदाला मीटरभर तरी जातं. म्हणजे तुमचा बाण पोचेपर्यंत तो दोन फूट पुढे सरकलेला. पुढच्या पायामागे, बरगड्यांवर धरलेला नेम दोन फूट मागे लागला तर तो पोटातच जाणार.

तुमची मादी २७ यार्डांवर होती, बाण ०.३ सेकंदांत पोचला. तिनेही पाऊल टाकलं असतं तर फरक फूटभराचा.

दुसरं म्हणजे अंतराचा अंदाज. २० यार्डांची पिन, म्हणजे धनुष्यावरची त्या अंतराची नेमाची खूण, धरली आणि जनावर खरं २५ वर असलं तर बाण तीन इंच खाली लागतो. ६० ची धरली आणि ते ६५ वर असलं तर सात-साडेसात इंच खाली. चूक पाचच यार्डांची, पण लांबवर तिची शिक्षा अडीचपट. रेंजफाइंडरने आकडा बरोबर दिला असेल, पण आकडा बघून झाल्यावर आणि दोरी ताणेपर्यंत जनावर सरकलं तर तो शिळा आकडा झाला.

सरावातला ताटाएवढा गोल तुमचा हात किती स्थिर आहे ते सांगतो. जनावर काय करणार आहे ते त्यात कुठेच नाही.

---

कासवगती

धनूताईंना साष्टांग. असं गणित शाळेत शिकवलं असतं तर मी विज्ञान शाखेला गेलो असतो.

---

वायव्य_वारा

देवराई, तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण धागा एका बाजूला झुकायला लागलाय म्हणून लिहितो. मी वायोमिंगमध्ये आहे, अकरा हंगाम प्रॉन्गहॉर्नच्या मागे, म्हणजे इथल्या गवताळ माळावरच्या त्या हरणांच्या. सेजब्रशच्या उघड्या माळावर गुडघ्याएवढ्या झुडपांत रांगत रांगत ६० यार्डांपर्यंत पोचणं हीच कमाई असते. पाणवठ्यावर दडून बसलात तर २० वर मिळेल, पण तो दुसरा प्रकार.

माझं म्हणणं, रेष यार्डांत आखू नका. शांतपणे चरणारं, वाऱ्याचा पत्ता नसलेलं जनावर ५५ वर असेल तर मी सोडेन. तेच २५ वर कान टवकारून, अंग ताणून माझ्याकडे बघत असेल तर नाही सोडणार. बाण सेकंदाला पावणेतीनशे फूट, दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फूट. आवाज नेहमीच आधी पोचतो. टेक्सासची पांढऱ्या शेपटीची हरणं तर आवाज आला की पळण्यासाठी आधी पोट खाली घेतात, आणि ते घेतानाच बाण पाठीवरून जातो किंवा मणक्याजवळ लागतो. पंचविसावर सुद्धा. लोक सांगतात तो ४० यार्डांचा आकडा काही देवाने दिलेला नाही.

शिवाय जो ८० वर सराव करतो त्याचा ३० वरचा बाण कधीच डगमगत नाही. लांबच्या सरावाला नावं ठेवू नका.

---

साताऱ्याची_धनू

वायव्यदादा, लांबच्या सरावाबद्दल शंभर टक्के मान्य, मीही मुलांना ७० मीटरवरून मारायला लावते आणि मग ५० वर आणते. ताठरलेल्या जनावराचंही मान्य. पण तुमचं ते "शांत जनावर" ०.६ सेकंद शांतच राहील याची हमी कोण देतं? देवराईदादांचा नर शांतच होता. शांत होता म्हणूनच गवताकडे चालला.

---

वायव्य_वारा

हं. हे मला उलटवता येत नाही. शांत जनावर चरतं, आणि चरणारं जनावर पाय उचलतं. मी असा विचार केला नव्हता. एवढं मात्र करतो: पुढचा पाय नुकताच टाकलेला असेल आणि वजन त्यावर असेल तेव्हाच सोडायचा. तरी विचार करतो.

---

निवडुंग

मी शिकारीच्या विरोधात आहे हे आधीच सांगते. देवराई यांच्यावर राग नाही, त्यांनी लपवलं नाही याचा आदर आहे. पण वरची चर्चा वाचून मला एक विचारायचं आहे. पोटात बाण घेतलेलं ते जनावर त्या रात्री कसं होतं? तुम्ही इंच आणि सेकंद मोजताय, त्याने तास मोजले. बंदूक असताना बाण का? अवघड आहे म्हणून? मग अवघडपणाची हौस तुमची आणि वेदना त्याच्या, असंच ना?

---

देवराई

निवडुंगताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळणार नाही.

बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर जनावर दहा-पंधरा सेकंदांत कोसळतं, बरेचदा काय झालं हे न कळता. जमिनीवरचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. माझ्या मादीचं तसं होतं. ती दचकली, थोडी पळाली, उभी राहिली, आणि बसली. कलेजीत लागला तर रक्त गडद, आणि तास लागतात. आतड्यात लागला तर रात्र लागते, कधी दुसरा दिवसही. म्हणजे तो नर त्या रात्री वेदनेत होता. मी तंबूत होतो. पाऊस सुरू झाल्यावर उठून बसलो आणि उजाडेपर्यंत तसाच बसलो. त्याने काही फरक पडला नाही.

बंदूक का नाही, याचं खरं उत्तर: धनुष्याने मला जनावराच्या जवळ जावं लागतं. वारा, त्याचा स्वभाव, त्याची वाट समजून घ्यावी लागते. सकाळी गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर फिरते, आणि ते फिरणं चुकवलं तर एल्कला वास लागून अख्खा कळप नाहीसा. हे सगळं मला आवडतं. पण मी ५८ वरून सोडला तेव्हा जवळ जाण्याचा तो भागच मी वगळला. हे तुमचा प्रश्न वाचताना सुचलं.

---

जर्मनीकर_बापू

आमच्याकडे जर्मनीत हा वादच नाही. हरणासारख्या मोठ्या जनावरावर बाण सोडायला केंद्रीय शिकार कायद्यानेच बंदी आहे. ब्रिटनमध्येही रानटी जनावर धनुष्याने मारता येत नाही. फ्रान्समध्ये चालतं, डेन्मार्कमध्येही. म्हणजे एकाच युरोपात शेजारी शेजारी दोन मतं.

मी इथली शिकारीची परीक्षा दिली आहे. लोक तिला कौतुकाने हिरवी बारावी म्हणतात, आणि खरंच तेवढाच अभ्यास असतो: कायदा, रोग, झाडं, शस्त्र, कुत्री. जखमी जनावराचा शोध हे इथे वेगळं शास्त्र आहे. त्यासाठी तयार केलेला कुत्रा आणि त्याचा माणूस, रात्री-अपरात्री बोलावलं तरी येतात. जनावर मिळालं की त्याच्या तोंडात एक हिरवी डहाळी ठेवतात, त्याला "शेवटचा घास" म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्याकडे तोंडात तुळशीपत्र ठेवतात ते आठवलं.

निवडुंगताई, बंदुकीनेही जनावरं जखमी होऊन जातात, मी पाहिलंय. पण बंदुकीच्या गोळीपुढे साठ यार्डांवर जनावराला पाऊल टाकायला वेळ मिळत नाही, हे खरं.

---

जुनंपानं

बापू, "हिरवी बारावी" आवडलं.

थोडा इतिहास. अमेरिकेतल्या आजच्या धनुष्य-शिकारीचं मूळ एका आदिवासी माणसाकडे जातं. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ 'याही' नावाच्या जमातीचा एक एकटा उरलेला माणूस बाहेर आला. बाकीची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. स्वतःचं नाव त्याने सांगितलं नाही, तर लोक त्याला इशी म्हणू लागले. त्यांच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. विद्यापीठातले डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्यावर उपचार करायचे आणि त्याच्याकडून धनुष्य शिकले. इशी ओठांना बोटं लावून ससा चीत्कारतो तसा आवाज काढायचा आणि ससे जवळ यायचे. त्याची सगळी विद्या जनावर जवळ आणण्याची किंवा आपण जवळ जाण्याची होती. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला.

पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली धनुष्य-शिकाऱ्यांचा क्लब निघाला, तो आजही आहे. आणि १९६९ मध्ये हॉलिस ऍलन यांना कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. तिथून सगळं बदललं. पूर्ण ताणल्यावर ७० पौंडांचं धनुष्य १४-१५ पौंडांवर धरता येतं. इशीच्या हातात ती सोय नव्हती, म्हणून साठ यार्डांचा प्रश्नही त्याच्यापुढे नव्हता. हत्याराने पल्ला वाढवला आणि माणसाने तो आपला हक्क समजला, असं माझं मत.

आकडा हवा असेल तर: मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर १९८९ ते २००६ अशी हरणांच्या धनुष्य-शिकारीची नोंद ठेवली गेली होती. आधुनिक धनुष्य असूनही बाण लागून न सापडलेल्या हरणांचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं.

---

निवडुंग

१८ टक्के. जुनंपानं, हा आकडा दिल्याबद्दल आभार.

---

पन्हाळा

जरा विषय सोडून. देवराई, एल्कचं मटण करता कसं? माझा भाचा डेन्व्हरला आहे, त्याला कुणी तरी दोन किलो दिलंय आणि तो फोनवर विचारतोय. चरबीच नाही म्हणे.

---

देवराई

पन्हाळा, चरबी खरंच नसते, म्हणून बकऱ्यासारखं तासभर शिजवलं तर दोरखंड होतं. पाठीचा तुकडा असेल तर भाजून लगेच उतरवायचा, आत गुलाबी राहू द्यायचा. मांडी किंवा फरा असेल तर खिमा करून सुक्या खोबऱ्याचं वाटण, तेल जरा सढळ. हाडं असतील तर टाकू देऊ नका.

---

पन्हाळा

हाडं आहेत! मग पांढरा रस्सा ठरला. रॉकी पर्वतात पहिला पांढरा रस्सा माझ्या भाच्याच्या नावावर.

---

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यातला, भिल्ल. आजोबांचा तिरकमठा अजून घरात आहे. कमान बांबूची, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. आमच्यात जुनी माणसं बाण अंगठा न लावता दोन बोटांत धरतात. एकलव्याची आठवण म्हणून, असं सांगतात.

१९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्याच्या आधीच्या गोष्टी आजोबा सांगायचे. ते वीस पावलांपलीकडे बाण सोडायचे नाहीत. मी विचारलं होतं, का, जात नाही का? म्हणाले, जातो की, त्या टेकाडापर्यंत जातो. पण वीस पावलांवर मला त्याचा डोळा दिसतो. डोळा दिसला तर ते आता काय करणार ते कळतं.

आणि दुसरं. चुकून जखमी झालेलं जनावर सोडून घरी आलेल्याला आजी भाकरी वाढायची नाही. माग काढून या, मग जेवा. एकदा आजोबा दोन रात्री आले नव्हते.

देवराईभाऊ, तुम्ही तीन दिवस शोधलंत. आमच्या आजीने वाढली असती.

---

देवराई

सातपुडा भाऊ, शेवटची ओळ वाचून थोडा वेळ उठून बाहेर जाऊन आलो. आजोबांचं डोळ्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवलंय. ५८ यार्डांवर मला त्याचा डोळा दिसत नव्हता. शिंगं दिसत होती.

---

शेवंता

इतका वेळ नुसती वाचत होते. लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट ऐकताना मला नेहमी वाटायचं, दशरथाचा नेम चुकला. आता मुलीला सांगताना लक्षात आलं की नेम अचूक होता. शब्दवेधी बाण, अंधारात, घागर बुडबुडल्याच्या आवाजावर, आणि बरोबर लागला. राजाला आपल्या विद्येचा भरवसा होता, म्हणून त्याने पुढे जाऊन बघितलं नाही. देवराई यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, "नेम चुकलाच नाही", तिथे मला तीच गोष्ट आठवली. चार पावलं पुढे जाऊन बघायला हवं होतं, एवढंच.

---

वायव्य_वारा

शेवंताताई, पटलं. पण चार पावलं पुढे जाताना माळावर हरीण पळून जातं, हा आमचा रोजचा अनुभव. दशरथ चार पावलं गेला असता तर त्याची शिकार फार तर हुकली असती. लोकांना हुकणंच नको असतं. परवान्याची सोडत लागायला काही ठिकाणी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आठवड्याची रजा काढून, हजार मैल गाडी हाकून येतात, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी ७० यार्डांवर शिंगं दिसतात. खरी परीक्षा तिथे आहे. मी स्वतः तिथे दोनदा नापास झालोय. एकदा बाण रिकामा गेला. एकदा नाही गेला.

---

निवडुंग

वायव्य_वारा, हे लिहायला धैर्य लागतं. माझं मत बदललेलं नाही, पण तुम्हा लोकांशी बोलता येतं हे कळलं.

---

देवराई

मंडळी, ऑगस्टअखेर आहे, परवा निघतोय. इथलं वाचून ठरवलं ते सांगतो. धनुष्यावरच्या नेमाच्या पट्टीवर ४० यार्डांच्या पुढचे आकडे काळ्या चिकटपट्टीने झाकले. त्या आतही तीन गोष्टी जुळल्या तरच: डोळा दिसला पाहिजे, पुढचा पाय टेकलेला पाहिजे, आणि बाकीच्या कळपातलं कुणी माझ्याकडे बघत नसलं पाहिजे. सरावही बदललाय. मैदान सोडून रानात फोमची जनावरं ठेवलेल्या क्लबला जातो, तिथे अंतर कुणी सांगत नाही, चढ चढून धाप लागलेली असताना मारावं लागतं. पहिल्या दिवशी माझा ताटाचा गोल परातीएवढा झाला.

---

देवराई

परत आलो. ऑक्टोबर उजाडला. या वर्षी मांस नाही.

एक नर ४४ वर मिळाला होता, आडवा, निवांत. पट्टीवर काळं दिसलं, धनुष्य उचललंच नाही. तो अस्पेनमध्ये शिरला आणि पंधरा मिनिटं त्याच्या शिंगांचा फांद्यांवर घासल्याचा आवाज येत होता. दोनदा ओरडला. सप्टेंबरात नर ओरडतो तो आवाज एखाद्या बेसूर बासरीसारखा सुरू होतो आणि शेवटी छातीतून घुरघुरतो. मी तिथेच बसून ऐकला.

दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी, २३ वर. धापा टाकत वर आला, जोडीदार मागून मादीचा आवाज काढत होता. मी दोरी ताणून तयार. डोळा दिसत होता, ओला, पापणीवर माशी बसलेली. पण तो माझ्याकडे छाती करून तिरका उभा राहिला. त्या कोनात समोर फऱ्याचं हाड येतं, आणि हाड चुकवायला गेलं की बाण मागे पोटात जातो. फिरेल म्हणून धरून ठेवलं. हात थरथरायला लागले. शेवटी धनुष्य उतरवलं. कंपाउंड उतरवताना दोरी एकदम पुढे ओढते, खांद्याला हिसका बसला, तो दिसला त्याला, आणि गेला.

जोडीदार रागावला नाही. म्हणाला, आता जेवू.

---

सातपुडा

माशी दिसली म्हणजे जवळ गेला होतात भाऊ.

---

पन्हाळा

भाच्याच्या फ्रीजमध्ये अजून अर्धा किलो आहे, घरी जाऊन घेऊन या. रस्सा चांगला झाला होता म्हणे, शेजारच्या गोऱ्या आजींनी वाटी परत मागितली.

---

साताऱ्याची_धनू

दादा, किती वेळ धरून ठेवलंत?

---

देवराई

घड्याळ कुठलं. जोडीदार म्हणतो चाळीस सेकंद.

---

साताऱ्याची_धनू

मग सरावात साठ धरा. आणि रोजच्या सरावातला शेवटचा बाण सोडायचा नाही. पूर्ण ताणायचा, साठ मोजायचे, आणि हिसका न देता हळू उतरवायचा. कोपर खाली पडू द्यायचं नाही, पाठीने सोडायचं, बोट दोरी सोडायच्या ट्रिगरपासून लांब. मी मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवते, कारण मैदानावर मध्येच कुणी आलं तर बाण थांबवता आला पाहिजे. मोठ्यांना कुणी शिकवत नाही.

---

देवराई

आजपासून सुरू केलं, धनू. सहा वेळा उतरवला. चौथ्याला हिसका बसला, बाकी पाच गुपचूप. उजवा खांदा भरून आलाय.